‘पत्ता माहीत नाही’ : वकीलमंडळींना एका निवृत्त बेलिफाचं खुलं पत्र

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दिवाणी कोर्टांत जमिनीचे दावे चालवणाऱ्या सर्व वकील बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीवर पेपर चाळत बसलो होतो. नोकरी संपली तरी एक खोड गेलेली नाही. पहिलं पान राहू दे, मी आधी आतल्या जाहीर नोटिसा वाचतो. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टातलं एक समन्स छापून आलं होतं. वाटपाचा दावा, करवीर तालुक्यातली जमीन, नऊ प्रतिवादी. त्यातल्या चौघांच्या नावापुढं ‘हल्ली राहणार : माहीत नाही’. खाली नेहमीचंच, कसूर केल्यास तुमच्या गैरहजेरीत दाव्याचा निकाल लावला जाईल. प्रतिवादी नंबर सातचं नाव वाचलं आणि मान वर केली. सात नंबर माझ्यासमोर उभा राहून बशीतनं चहा पीत होता.

“आप्पा, तुमच्यावर दावा झालाय. ठाऊक हाय का?”

“माझ्यावर? कुणी घातला?”

“तुमच्या थोरल्या चुलत्याच्या पोरानं.”

“काय तर सांगू नगा. परवा तर घरात येऊन वास्तुशांतीची पत्रिका देऊन गेला.”

पत्रिका त्यांच्या टीव्हीवर ठेवलेली होती, ती मी नंतर जाऊन बघितली. पाकिटावर नाव, गल्ली, घराची खूण, सगळं व्यवस्थित. जेवायला बोलवायचं म्हटल्यावर सापडणारा पत्ता दाव्यात मात्र हरवला होता. दाव्यातला तो मजकूर तुमच्यापैकी कुणाच्या तरी ऑफिसात टाइप झालेला आहे. कुणाच्या, ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचे सगळे हायसं वाटून पुढचं वाचायचे नाहीत.

मी एकतीस वर्षं बेलिफाची, म्हणजे कोर्टाची समन्सं लोकांच्या दारात पोचवायची नोकरी केली. सुरुवातीची बरीच वर्षं सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या इमारतीत, पुढं कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. आधी सायकल, मग लुना, मग सेकंडहँड हिरो होंडा. काखेत रेक्झिनची पिशवी, पिशवीत समन्सं, आणि पावसाळ्यात पिशवीवर खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद. पंचगंगा फुगली की आंबेवाडी-चिखलीकडची समन्सं तशीच परत यायची, ‘पुराचे पाण्यामुळे जाता आले नाही’ असा शेरा मारून. तेवढा एक शेरा असा होता, की ज्यावर कधी कुणी शंका घेतली नाही.

कायदा तुम्ही मला शिकवावा, मी तुम्हाला नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेतला पाचवा आदेश तुम्ही परीक्षेपुरता वाचला असेल, आम्ही तो पायानं वाचला आहे. त्याची चढण सरळ आहे. समन्स होता होईल तो प्रतिवादीच्या स्वतःच्या हातात द्यायचं. तो घरी नसेल, लवकर यायची शक्यता नसेल आणि त्याच्या वतीनं घ्यायला कुणी मुखत्यार नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडं. नोकर त्यात धरायचा नाही, हे नियम १५ मध्ये स्पष्टच लिहिलं आहे. मूळ १९०८ च्या मजकुरात ‘सज्ञान पुरुष’ असं होतं. १९७६ च्या दुरुस्तीनं तिथं ‘पुरुष असो वा स्त्री’ आलं. त्याआधीच्या काळात बेलिफ दारात आणि घरात नुसत्या बायका, असं झालं की समन्स घेऊन उलट्या पावली फिरायला लागायचं, हे मी जुन्या मंडळींकडून ऐकलेलं आहे.

घेण्यास नकार दिला, किंवा योग्य ते सगळे प्रयत्न करूनही माणूस मिळेना, तरच नियम १७ प्रमाणं दारावर चिकटवायचं. तेही चिकटवलं आणि निघाला असं नाही. घर कुणी दाखवलं त्याचं नाव-गाव, कुणासमक्ष चिकटवलं त्याचं नाव-गाव, वेळ, परिस्थिती, सगळं अहवालात यायला पाहिजे. अहवालावर बेलिफाचं प्रतिज्ञापत्र नसेल तर कोर्टानं त्याला शपथेवर तपासायचं, आणि मगच ‘बजावणी झाली’ असं जाहीर करायचं. एवढं सगळं करून समन्स नेहमीच्या रीतीनं पोचत नाही, किंवा माणूस मुद्दाम चुकवतोय, अशी कोर्टाची खात्री पटली की मग नियम २०. पेपरातलं समन्स.

म्हणजे पेपर हा शेवटचा दगड. आपल्याकडं काय होतं? पहिलंच समन्स ‘मिळून आला नाही’ म्हणून परत येतं आणि पुढच्याच तारखेला पेपर नोटिशीचा अर्ज छापील असल्यासारखा तयार असतो. वर्षानुवर्षं तोच मजकूर, फक्त दाव्याचा नंबर बदललेला. त्याच्याही पुढची तऱ्हा आप्पांच्या दाव्यात दिसते. तिथं पहिल्या पानावरच ‘माहीत नाही’ लिहिलं, म्हणजे बेलिफाला जायलाच नको.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. राधानगरीच्या बाजूचं एक गाव. तिथंही वाटपाचाच दावा, वादी थोरला भाऊ, प्रतिवादी धाकटा भाऊ आणि बहीण. एसटीतनं उतरलो तर वादीचा माणूस मोटारसायकल घेऊन थांबलेला. घर दाखवायला वादीचं माणूस यायचं ही पद्धतच होती, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. धाकट्या भावानं सही करून समन्स घेतलं. बहिणीचा पत्ता म्हणून दाव्यात जे घर लिहिलं होतं तिथं गेलो. पोर्च बांधलेलं चांगलं घर. एक सून बाहेर आली. मी विचारलं, “बाई कुठायत?”

“बाहेर गेल्यात.”

“कवा येतील?”

“काय सांगता येत न्हाई.”

सुनेनं सही केली. मी अहवाल लिहिला : प्रतिवादी नं. २ घरी मिळून न आल्याने त्यांच्या घरातील सज्ञान स्त्रीकडे समन्स देऊन पोच घेतली. झालं काम, पुढचं गाव.

सून खोटं बोलली नव्हती. बाई बाहेर गेल्या होत्या, वीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन. ते घर वादीचं होतं आणि ती सून वादीची. म्हणजे बहिणीवरचं समन्स मी वादीच्याच घरात देऊन आलो होतो, आणि दाव्यावर वादीची सही होती की पत्ता खरा आहे. बहीण कोर्टात आली नाही. येणार कशी? ‘वडिलांच्या पश्चात बहिणीनं तोंडी हक्क सोडला आहे’ एवढं वादीचं म्हणणं, त्याला उत्तर द्यायला कैफियत (प्रतिवादीचं लेखी म्हणणं) नाही, उलटतपास नाही. एकतर्फा हुकूमनामा, म्हणजे दुसरी बाजू न ऐकताच निकाल, झाला आणि तिला काही दिलं नाही.

तिला कळलं ते चार वर्षांनी, गौरीला माहेरी आल्यावर. शेतात मोजणीच्या खुणा रोवलेल्या दिसल्या. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा प्रत्यक्ष वाटणीसाठी कलेक्टरांकडं जातो, तिथनं तहसीलदार, मग मोजणी, हे तिला काय माहीत? तिनं भावाला विचारलं, भाऊ म्हणाला, “अगं सरकारी मोजणी हाय.” पण धाकट्या भावजयीच्या पोटात ते राहिलं नाही.

हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दाखल झाला आणि मला साक्षीचं समन्स निघालं. आयुष्यभर दुसऱ्यांना साक्षीची समन्सं वाटणारा मी पिंजऱ्यात उभा राहिलो. बाईंच्या वकिलांनी फार ताणलं नाही. तीनच प्रश्न. घर कुणी दाखवलं? सही करणाऱ्या बाई प्रतिवादीच्या कोण लागतात, विचारलं होतं का? प्रतिवादी त्या घरात राहतात, याची काय चौकशी केली? मी तिन्हींची खरी उत्तरं दिली. बाहेर व्हरांड्यात बाई भेटल्या. मी मान खाली घालून निघालो होतो, तर त्याच म्हणाल्या, “मामा, एकदा शेजारी तर इचारायचं.” एवढंच.

त्या दिवसापासून मी कुठल्याही गावात गेलो की वादीच्या माणसाला बाजूला ठेवायचो आणि आधी दूध संस्थेत जायचो. आपल्या जिल्ह्यात माणूस हरवणं अवघड आहे, वकीलसाहेब. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन सगळं गाव तिथं येतं. कोण कुठं राहतं, कोण पुण्याला गेलं, कुणाची पोरगी कुठल्या गावात दिली, दूध संस्थेच्या सचिवाला सगळं पाठ. त्याला नाही कळलं तर विकास सेवा संस्थेचं दप्तर आहे, कारण पीककर्ज घेतलेल्याचा पत्ता बँकेला लागतोच. ऊस असेल तर कारखान्याच्या शेती ऑफिसात नोंद. नाहीतर रेशन दुकान, मतदारयादी, पोस्टमन. सात-बारा तर तुमच्या दाव्याला जोडलेलाच असतो. त्यात ‘इतर हक्क’ रकान्यात बहिणींची नावं बसलेली असतात, आणि ज्या वारस फेरफारानं, म्हणजे वारसांची नावं लावायच्या महसुली नोंदीनं, ती बसली, त्याच्या अर्जात वारसांचे पत्ते असतात. वादी स्वतः तो फेरफार नोंदवायला गेलेला असतो. मग दाव्याच्या दिवशी त्याची स्मरणशक्ती जाते कुठं?

तुम्ही म्हणाल, पक्षकार जे सांगतो ते आम्ही लिहितो. खरं आहे, काही अंशी. भावकीच्या भांडणात माणूस वकिलालाही अर्धंच सांगतो. पण तुमचा पक्षकार ‘बहिणीचा पत्ता माहीत नाही’ म्हणतो तेव्हा तुम्हाला आतनं कळत असतं. यात्रेला कोण कोण येतं, एवढं विचारून बघा. गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, बहिणी, भाचे, मुंबईकर, पुणेकर, झाडून सगळे मटणाला येतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेला एका गाडीत बसून जातात. व्हॉट्सॲपवर भावकीचा ग्रुप असतो, त्यात वादी आणि ‘माहीत नाही’वाले चौघेही असतात, आणि सकाळी सकाळी एकमेकांना फुलं पाठवतात. आप्पांच्या बाबतीत अगदी हेच आहे. ग्रुपचा ॲडमिन वादीच आहे.

व्हॉट्सॲपचं हसण्यावारी नेऊ नका. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं एका दरखास्तीतली, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जातली, नोटीस व्हॉट्सॲपवर पोचली असं मानलं होतं, कारण समोरच्यानं ती उघडून बघितल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या. ज्याचा फोन नंबर आहे, त्याचा ठावठिकाणाच माहीत नाही असं शपथेवर कसं म्हणता येईल?

दुसरी बाजूही मी पाहिलेली आहे, ती लपवत नाही. समन्स चुकवणारे प्रतिवादी म्हणजे एक स्वतंत्र जमात आहे. माझी गाडी वेशीत दिसली की उसात शिरणारे. दारात उभा राहून “ते मी न्हवं, माझा जुळा भाऊ” म्हणणारा एक महाभाग कागल तालुक्यात भेटला होता. समन्स हातात ठेवलं तर ते गोठ्यात भिरकावून देणारे. रजिस्टर पोस्टाच्या लखोट्यावर पोस्टमनला चहा पाजून ‘गाव सोडून गेले’ शेरा मारून घेणारे. नकार हीसुद्धा बजावणीच असते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, किंवा चांगलंच सांगितलेलं असतं म्हणून ते नकारही देत नाहीत, नुसते गायब होतात. अशांसाठी नियम २० आहे आणि तो वापरायलाच पाहिजे. वर्षानुवर्षं दावा लटकत ठेवणाऱ्यांची बाजू घेऊन मी हे पत्र लिहीत नाही.

आणि खरोखर न सापडणारी माणसंही असतात. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या पट्ट्यातनं किती घरं मुंबईला गिरणीत गेली ते तुम्हाला सांगायला नको. सात-बारावर नाव आहे, पत्ता लालबागच्या चाळीचा. १९८२ च्या संपानंतर गिरणी बंद, चाळ पाडून टॉवर झालेला, माणूस डोंबिवलीला की विरारला, का वारलाय, कुणालाच ठाऊक नाही. इथं ‘माहीत नाही’ लिहिलं तर ते खरं आहे. पण तिथंही माझी एक तक्रार आहे. नियम सांगतो, प्रतिवादी शेवटचा जिथं राहत होता किंवा पोट भरत होता, त्या भागात खपणाऱ्या दैनिकात समन्स छापायचं. माणूस गेला परळला आणि समन्स छापलं जातं गडहिंग्लजला चार दुकानांत येणाऱ्या कुठल्या तरी पेपरात, कारण त्याचा दर कमी. मग ते छापायचं तरी कशाला?

मयत माणसांचं तर विचारूच नका. सात-बारावर नाव आहे म्हणून दावा लावला आणि मी समन्स घेऊन गेलो तर भिंतीवर हार घातलेला फोटो. दावा लावण्याआधीच वारलेला माणूस. ‘प्रतिवादी मयत’ असा शेरा मारून मी समन्स परत केलं की बहुतेक वकील वारस घेऊन दुरुस्ती करायचे. काही मात्र तिथनंही पेपर नोटिशीचा रस्ता काढायचे. मेलेल्या माणसाविरुद्धच्या हुकूमनाम्याला काही अर्थ नसतो हे मला, दहावी पास बेलिफाला, कळत होतं.

आता तुमच्या फायद्याचं बोलतो. न्याय-अन्याय जरा बाजूला ठेवू. ‘माहीत नाही’ लिहून मिळवलेला हुकूमनामा तुमच्या पक्षकाराला किती दिवस पुरतो? नवव्या आदेशातल्या नियम १३ खाली एकतर्फा हुकूमनामा रद्द करून मागायला तीस दिवसांची मुदत आहे. मुदत कायद्याचा अनुच्छेद १२३ बघा. समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर हे तीस दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, तो माहीत झाल्याच्या दिवसापासून मोजतात. आणि त्याच अनुच्छेदाखाली स्पष्टीकरण आहे की या हिशोबापुरती पेपरातली पर्यायी बजावणी ही रीतसर बजावणी धरायची नाही. म्हणजे ज्या पेपर नोटिशीच्या जोरावर तुम्ही दावा झटपट जिंकलात, तिनंच मागचं दार उघडं ठेवलं. बहीण पाच वर्षांनी आली, दहा वर्षांनी आली, तरी ‘मला आत्ता कळलं’ म्हणून अर्ज टाकू शकते. याउलट तिला खरोखर समन्स मिळालं असेल आणि ती आली नसेल, तर बजावणीतल्या किरकोळ चुकीवर हुकूमनामा मोडत नाही, हेही तिथंच परंतुकात लिहिलं आहे. तारीख माहीत होती आणि येऊन उत्तर द्यायला वेळ होता, एवढं कोर्टाला दिसलं की पुरे. खरी बजावणी हे तुमच्या पक्षकाराचं चिलखत आहे आणि तुम्हीच त्याला ते काढून ठेवायला सांगता.

लबाडी सिद्ध झाली तर मुदतीचीही बात उरत नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं एका वाटपाच्याच दाव्यात सांगितलं की कोर्टापासून महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेला हुकूमनामा शून्य आहे, आणि असं वागणाऱ्याला दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर बाहेरचा रस्ता दाखवता येतो. तुमच्या लायब्ररीत तो निकाल आहे. भिंतीवर लावायच्या लायकीचा आहे.

राधानगरीच्या त्या दाव्याचं पुढं काय झालं? हुकूमनामा रद्द झाला, दावा पुन्हा पहिल्या पानावर आला. मधल्या काळात थोरल्या भावानं रस्त्याकडेचे दहा गुंठे विकले होते. घेणाऱ्यानं फंडाचे पैसे घालून घर बांधलं होतं. त्यानं व्यवहाराआधी वकिलाकडनं जमिनीच्या कागदांचा सर्च घेतला होता, पेपरात जाहीर नोटीस दिली होती, सगळं रीतसर. त्याची काहीच चूक नव्हती. बहिणीला दोष देता येत नव्हता आणि त्या माणसाच्या बायकोचा चेहराही बघवत नव्हता. बजावणीच्या एका खोट्या ओळीची किंमत जो तिसराच माणूस भरत होता, तो त्या दाव्यात प्रतिवादीसुद्धा नव्हता.

आणखी एक बदल झाला आहे, तो तुमच्या लक्षात आहेच. ज्या भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टात मी आमचे वरिष्ठ नाझरसाहेब यांच्यासमोर पिशवी रिकामी करायचो, तिथं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. त्यासाठी तुम्ही चाळीस-पंचेचाळीस वर्षं भांडलात, साखळी उपोषणं केलीत, मीही एकदा रिकाम्या पिशवीनं तुमच्यात येऊन बसलो होतो. पण त्याचा एक अर्थ असाही आहे. पूर्वी एकतर्फा हुकूमनामा झाला आणि इथल्या कोर्टात दाद मिळाली नाही की गरीब माणूस म्हणायचा, मुंबईला जायचं कुणी आणि राहायचं कुठं, गेलं ते गेलं. तो हुकूमनामा पक्का होता म्हणून टिकला नाही, मुंबई लांब होती म्हणून टिकला. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांतली माणसं सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी घरी जाऊ शकतात. जुन्या बजावण्यांचे कागद आता निघणार.

माझ्या नंतरच्या पोरांकडं मोबाईल आहेत. एनस्टेप नावाचं ॲप आहे, समन्स बजावताना जागा, वेळ, फोटो सगळं जागच्या जागी नोंदलं जातं. चांगली सोय आहे. घरी बसून अहवाल लिहिणाऱ्यांचे दिवस संपले, आणि असे लोक आमच्यात होते हेही कबूल करतो. पण बेलिफ कुठल्या दारात उभा होता एवढंच मोबाईल सांगणार. ते दार प्रतिवादीचं आहे का वादीचं, ते दाव्यात तुम्ही लिहिलेला पत्ताच सांगणार. टपालाचंही तसंच. लखोटा पोचला असं गृहीत धरायचं तर त्यावरचा पत्ता बरोबर असावा लागतो, आणि तो तुम्ही दिलेला असतो. सगळ्या यंत्रणेच्या मुळाशी तुमच्या टायपिस्टची ती एक ओळ आहे.

महसूल खात्याबद्दल लिहायला घेतलं तर दुसरं पत्र होईल. थोडक्यात एवढंच की जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणं फेरफार धरल्यावर हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला लेखी कळवायचं असतं, नुसती चावडीवर प्रत डकवून भागत नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी नेमले ते वतनदाराच्या मर्जीवर कुणाची जमीन राहू नये म्हणून. आता तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे आणि ‘आपली चावडी’ मोबाईलवर उघडते. तरी सासरी गेलेल्या बहिणीची नोटीस माहेरच्या पत्त्यावरच निघते. रोग तोच.

मी मागतोय ते फार नाही. पेपर नोटिशीच्या अर्जाबरोबर वादीचं एक वेगळं प्रतिज्ञापत्र जोडायची शिस्त तुम्हीच लावून घ्या. त्यात नातं काय, शेवटची भेट कधी आणि कुठं झाली, फोन नंबर आहे की नाही, कुणाकुणाकडं चौकशी केली, एवढं त्यानं स्वतः सांगू दे. निम्मे अर्ज त्या कागदावर सही करायच्या वेळीच मागं घेतले जातील, हे मी अनुभवानं सांगतो. लग्न झालेल्या बहिणीचा पत्ता सासरचाच लिहा, माहेरच्या घरात समन्स लावू नका. तुमचा ज्युनियर रोजनामा (कोर्टातली तारखेतारखेची नोंद) बघायला जातो तेव्हा बजावणीचा अहवालही उघडून बघू दे. घर दाखवणारा वादीचाच माणूस असेल, तर समोरच्या वकिलाआधी तुम्हालाच ते दिसलेलं बरं. आणि ज्युनियर मंडळींना एक विनंती. दावा टाइप करताना सीनियरला विचारायची भीती वाटते, मला माहीत आहे. पक्षकाराला विचारा. बाहेर बाकावर बसलेलाच असतो.

राहता राहिले आप्पा. त्यांना मी सांगितलं की तारखेला हजर राहा, वकीलपत्र दाखल करा, मग एकतर्फा होत नाही. ते दोन दिवस झोपले नाहीत. जमिनीचं नव्हतं, पावणेदोन एकरांत एवढे हिस्से, त्यात यायचं काय आणि जायचं काय? “मला सांगितलं असतं तर मी आपणहून सही केली असती,” एवढंच सारखं म्हणत होते. वास्तुशांतीला मात्र गेले. मीही गेलो, आमंत्रण सहकुटुंब, सहपरिवार असं होतं आणि शेजारी परिवारातच येतो. वादीनं त्यांना आग्रह करकरून वाढलं. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

दाव्याची तारीख येत्या गुरुवारी आहे. अकरा वाजता पुकारा होईल. आप्पांबरोबर मी असेन, आणि बाकीचे तीन ‘माहीत नाही’सुद्धा येणार आहेत. एक गारगोटीहून, एक इचलकरंजीहून आणि एक, वादीच्या घरापासनं चौथ्या दारातनं.

आपला,
एक निवृत्त बेलिफ
कोल्हापूर